संदेशांचा अग्रक्रम : तारखात्यापासून नेटवर्क स्विचपर्यंत (ऊर्जानगरच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास)

बीजसंज्ञा : अग्रक्रम, तारसेवा, ट्रंक कॉल, पॉवर लाइन कॅरिअर, नेटवर्क स्विच, ऊर्जानगर.

प्रस्तावना :

संदेशवहनाचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. जासूद, टपाल, तार, दूरध्वनी आणि संगणकाचे जाळे अशी त्याची चढती पायरी सांगितली जाते. प्रत्येक पायरीवर संदेश अधिक वेगाने जाऊ लागला हे खरेच आहे. तथापि या इतिहासाला दुसरी एक बाजू आहे व ती तुलनेने दुर्लक्षित राहिली आहे. वाहिनी कितीही वेगवान असली तरी एखाद्या क्षणी तिच्यावर एकाहून अधिक संदेश येऊन थडकतातच. अशा वेळी आधी कोणी जावे आणि कोणी थांबावे, हा प्रश्न तारेच्या काळातही होता व आजच्या नेटवर्क स्विचमध्येही आहे. अग्रक्रमामुळे वाहिनीची क्षमता वाढत नाही. तो केवळ प्रतीक्षेची वाटणी करतो. म्हणूनच अग्रक्रमाचा इतिहास हा वाट पाहायला कोणाला लावले गेले, याचा इतिहास ठरतो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा ऊर्जानगरच्या संदर्भात घेण्यात आला आहे. चंद्रपूर शहरालगत दुर्गापूरच्या कोळसा पट्ट्यात वसलेली ऊर्जानगर ही चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राची वसाहत होय. या केंद्राचा २१० मेगावॅटचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. पुढे २१० मेगावॅटचे आणखी तीन संच आणि १९९१ ते १९९७ या काळात ५०० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले. २०१६ मध्ये ५०० मेगावॅटचे आणखी दोन संच कार्यान्वित झाले. पहिले दोन जुने संच निवृत्त झाल्यानंतर केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॅट आहे. कोळसा येथील, पाणी इरई धरणाचे आणि विजेचा मोठा ग्राहक मात्र शेकडो किलोमीटर दूर, अशी या केंद्राची रचना आहे. इतक्या लांबवर वीज वाहून न्यायची तर तिच्याबरोबर संदेशही वाहून न्यावे लागतात आणि त्या संदेशांमध्ये एका क्षणाच्या विलंबालाही फार मोठी किंमत असते. त्यामुळे अग्रक्रमाचा प्रश्न येथे जितक्या स्पष्टपणे दिसतो तितका तो इतरत्र क्वचितच दिसतो.

१. तारेवरील रांग :

भारतात डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ तारेचा प्रयोग केला. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर हा मार्ग सुरू झाला व १८५५ मध्ये तारसेवा सर्वसामान्यांसाठी खुली करण्यात आली. एका तारेवरून एका वेळी एकच संदेश जात असल्यामुळे तारघरात कागदांची चळत साचणे अपरिहार्य होते. त्या चळतीतील कोणता कागद वर ठेवायचा, हा निर्णय तारमास्तरच्या मर्जीवर सोडणे शासनास परवडणारे नव्हते.

या प्रश्नाचे आंतरराष्ट्रीय उत्तर १८७५ च्या सेंट पीटर्सबर्ग तारकरारात आढळते. त्यात तारांचे तीन वर्ग मानले गेले : सरकारी, तारखात्याच्या सेवेतील आणि खासगी. सरकारी तारेला इतर सर्व तारांपूर्वी जाण्याचा हक्क देण्यात आला. ब्रिटिश हिंदुस्थान १८६९ पासूनच आंतरराष्ट्रीय तारसंघाचा सदस्य होता. देशांतर्गत सेवेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खासगी तारांमध्येही तातडीची, साधारण आणि विलंबाची असे भेद होते व त्यांचे दर निरनिराळे होते. पुढे ‘एक्सप्रेस’ आणि ‘ऑर्डिनरी’ हे दोनच वर्ग लोकांच्या परिचयाचे झाले.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे अग्रक्रमाचा निकष सामान्यतः संदेशाच्या मजकुरावर अवलंबून नव्हता. तो पाठविणाऱ्याच्या पदावर किंवा त्याने भरलेल्या शुल्कावर ठरत असे. गरिबाची साधी तार व्यापाऱ्याच्या तातडीच्या तारेमागे थांबत होती. दुसरी गोष्ट विश्वासाची. प्रत्येकाने आपल्या तारेवर ‘सरकारी’ असा शेरा मारला तर वर्गवारीला अर्थच उरणार नाही. म्हणून सरकारी तारेवर संबंधित अधिकाऱ्याची मुद्रा असण्याची अट आवश्यक ठरली. अग्रक्रमाची खूण करण्याचा अधिकार कोणाचा आणि ती खूण कोणी मानायची, हा पेच सव्वाशे वर्षांनंतर नेटवर्क स्विचपुढेही जसाच्या तसा उभा राहिला. तारसेवा भारतात १४ जुलै २०१३ च्या रात्री बंद झाली, परंतु तिने घालून दिलेला हा प्रश्न मात्र संपला नाही.

२. ट्रंक कॉल आणि शुल्काचा अग्रक्रम :

दूरध्वनीच्या काळात हीच वर्गवारी ट्रंक कॉलमध्ये उतरली. साधा, ‘अर्जंट’ आणि ‘लाइटनिंग’ असे कॉलचे प्रकार होते. लाइटनिंग कॉलसाठी साध्या कॉलच्या अनेक पट शुल्क मोजावे लागे. कॉल नोंदवून तासन् तास दूरध्वनीपाशी बसलेली माणसे हे त्या काळचे सर्वपरिचित दृश्य होते. १९६० मध्ये कानपूर-लखनौ मार्गावर ग्राहकाने थेट क्रमांक फिरवण्याची, म्हणजे एस.टी.डी.ची, सोय झाली. नंतरच्या दोन-तीन दशकांत ती देशभर पसरली. ऑगस्ट १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने ग्रामीण भागासाठी विकसित केलेल्या लहान स्वयंचलित केंद्रांमुळे या प्रसाराला गती मिळाली.

थेट डायलिंगमुळे ऑपरेटर मधून गेला आणि त्याच्याबरोबर दृश्य स्वरूपातील अग्रक्रमही गेला. मार्ग मोकळा असेल तर कॉल लागे, नसेल तर ‘या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत’ ही ध्वनिमुद्रित सूचना ऐकू येई. ही व्यवस्था वरकरणी समतेची होती. तथापि जीवनमरणाचा निरोप आणि सहज केलेली चौकशी यांत तिला भेद करता येत नव्हता. समता आणि न्याय या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे संदेशवहनाच्या क्षेत्रातही येथे प्रत्ययास येते.

३. ऊर्जानगर : वीज वाहणाऱ्या तारेवरचा संदेश :

सार्वजनिक दूरध्वनी हा असा अनिश्चित असताना वीजमंडळाला मात्र अनिश्चितता चालणारी नव्हती. २० जून १९६० रोजी स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने, देशातील इतर वीजमंडळांप्रमाणेच, आपल्या अतिउच्चदाब वाहिन्यांवर पॉवर लाइन कॅरिअर ही पद्धती वापरली. तिचे तत्त्व साधे आहे. वीज ५० हर्ट्झ या कंप्रतेने वाहते. त्याच तारेवर सुमारे ४० ते ५०० किलोहर्ट्झ या पट्ट्यातील वाहक लहरी सोडल्या, तर त्यांच्यावर आरूढ होऊन माणसाचे बोलणे, मापनाचे आकडे आणि संरक्षणाचे आदेश जाऊ शकतात. उपकेंद्राच्या प्रांगणात वाहिनीच्या टोकाशी बसविलेली मोठी वेटोळी, म्हणजे ‘वेव्ह ट्रॅप’, या लहरींना उपकेंद्राच्या आत शिरण्यापासून अडवतात आणि त्यांना संदेशयंत्रणेकडे वळवतात.

या अरुंद वाटेवरचा सर्वात महत्त्वाचा प्रवासी म्हणजे संरक्षणाचा आदेश. वाहिनीवर दोष उद्भवला, उदाहरणार्थ वीज कोसळली किंवा झाडाची फांदी तारेच्या जवळ आली, तर दोन्ही टोकांचे सर्किट ब्रेकर उघडून वाहिनी अलग करावी लागते. प्रत्येक टोकाचा ‘डिस्टन्स रिले’ दोषाचे अंतर अजमावतो. मोजमापातील त्रुटी लक्षात घेऊन तो वाहिनीच्या सुमारे ८० टक्के लांबीपर्यंतच्या दोषासाठीच तत्काळ कृती करतो. त्यापलीकडच्या दोषासाठी तो मुद्दाम सुमारे एक तृतीयांश ते अर्धा सेकंद थांबतो. दोष चंद्रपूरपासून ९० टक्के अंतरावर असेल तर तो पलीकडच्या टोकापासून केवळ १० टक्क्यांवर असतो. ते टोक तत्काळ उघडते. परंतु चंद्रपूरकडील टोकाने थांबत बसायचे नसेल, तर पलीकडून ‘दोष आपल्याच वाहिनीवर आहे’ हा निरोप यावा लागतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या ग्रिड मानकांनुसार ४०० किलोव्होल्ट वाहिनीवरील दोष १०० मिलिसेकंदांत, म्हणजे विजेच्या पाच आवर्तनांत, दूर व्हावयास हवा. अर्धा सेकंद म्हणजे २५ आवर्तने. एवढ्या अवधीत जनित्रे परस्परांशी असलेला ताल गमावू शकतात.

म्हणून या यंत्रणेत एक करडी तरतूद करण्यात आलेली असते. संरक्षणाचा आदेश निघताच त्या वाहिनीवर चाललेले बोलणे क्षणभर तोडले जाते आणि प्रेषकाची सर्व शक्ती त्या एका आदेशाला दिली जाते. दोन अधिकारी बोलत असले तरी त्यांचे पद विचारात घेतले जात नाही. तारेच्या काळात सरकारी संदेश खासगी संदेशाच्या पुढे जाई. येथे यंत्राचा संदेश अधिकाऱ्याच्या शब्दापुढे जातो. हा बदल इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण अग्रक्रमाचा निकष येथे व्यक्तीपासून सुटला आणि ‘विलंब झाल्यास किती हानी होईल’ या प्रश्नाशी जोडला गेला.

चंद्रपूरच्या परिसरात हा प्रश्न पुढे अधिक व्यापक झाला. १९९९ मध्ये चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातील पडघे ही ७५२ किलोमीटर लांबीची, ±५०० किलोव्होल्ट दाबाची आणि १,५०० मेगावॅट क्षमतेची एकदिश विद्युत वाहिनी कार्यान्वित झाली. अशा वाहिनीत एका टोकाला प्रत्यावर्ती विजेचे एकदिश विजेत रूपांतर होते व दुसऱ्या टोकाला त्याच्या उलट क्रिया घडते. त्यामुळे सुरळीत संचालनासाठी दोन्ही टोकांना परस्परांशी सतत संवाद ठेवावा लागतो. त्याच दशकात जिल्ह्यातील भद्रावती येथे पश्चिम व दक्षिण विभागांना जोडणारे एकदिश विद्युत केंद्र उभे राहिले. ६ जून २००५ रोजी मंडळाची विभागणी होऊन निर्मिती, पारेषण व वितरण यांसाठी स्वतंत्र कंपन्या आल्या. ऊर्जानगरचे केंद्र महानिर्मितीकडे गेले आणि पारेषणाच्या वाहिन्या महापारेषणकडे गेल्या. नागपूरच्या अंबाझरी येथील क्षेत्रीय व कळवा येथील राज्य भार प्रेषण केंद्र यांच्याशी होणारा संवाद आता स्वतंत्र संस्थांमधील संवाद झाला.

४. आठ पायऱ्यांचा तक्ता :

याच सुमारास जगात संगणकांची जाळी वाढत होती. १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी मांडलेल्या ‘इथरनेट’मध्ये अग्रक्रमाला स्थान नव्हते. सर्व संगणक एकाच केबलवर असत. केबल मोकळी दिसली की पाठवावे आणि दोघांची टक्कर झाली तर यदृच्छेने ठरलेला काळ थांबून पुन्हा प्रयत्न करावा, असा नियम होता. विजेच्या दोषासारख्या कालबद्ध कामासाठी हा नियम पुरेसा नव्हता.

याउलट सप्टेंबर १९८१ च्या इंटरनेट प्रोटोकॉलच्या मसुद्यात प्रत्येक पॅकेटच्या शीर्षभागी अग्रक्रमासाठी तीन बिट राखून ठेवण्यात आले. तीन बिट म्हणजे आठ पायऱ्या. ‘रूटीन’, ‘प्रायॉरिटी’, ‘इमिजिएट’, ‘फ्लॅश’ आणि ‘फ्लॅश ओव्हरराइड’ ही त्यांतील नावे अमेरिकी लष्कराच्या संदेशवहनातून आली होती. त्या लष्करी दूरध्वनी जाळ्यात वरिष्ठ श्रेणीचा कॉल खालच्या श्रेणीचा चालू कॉल तोडू शकत असे. नागरी इंटरनेटने ही नावे घेतली, परंतु दीर्घकाळ ती बहुतांशी निरुपयोगीच पडून राहिली, कारण खुणेचा मान राखण्याचे बंधन कोणावरच नव्हते.

१९९० मध्ये भारतीय वंशाचे उद्योजक विनोद भारद्वाज यांनी लॅरी ब्लेअर यांच्यासह स्थापन केलेल्या ‘कल्पना’ या कंपनीने इथरनेटचा पहिला स्विच बाजारात आणला. कंपनीचे नाव भारद्वाज यांच्या पत्नीच्या नावावरून ठेवले होते. स्विचमुळे प्रत्येक संगणकाला स्वतंत्र वाट मिळाली व टक्करी संपल्या. मात्र अनेक वाटांवरून आलेले संदेश एकाच वाटेने बाहेर पडायचे असतील तर स्विचच्या आत रांग लागते. अशा प्रकारे तारघरातील कागदांची चळत स्विचच्या स्मृतीत पुन्हा अवतरली. या रांगेसाठी १९९८ मध्ये आय.ई.ई.ई.च्या मानकांत फ्रेमवर ० ते ७ अशी आठ मूल्यांची खूण निश्चित झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंटरनेटच्या पॅकेटसाठी सहा बिटांची, म्हणजे ६४ मूल्यांची, नवी पद्धती जाहीर झाली.

५. स्विचमधील मांडणी :

स्विचवर अग्रक्रमाची मांडणी करताना चार निर्णय घ्यावे लागतात. प्रथम संदेशाची ओळख : तो कोणत्या पोर्टवरून, कोणत्या यंत्राकडून आणि कोणत्या कामासाठी आला. दुसरा निर्णय खुणेचा. एखाद्या यंत्राने स्वतःच्या संदेशावर सर्वोच्च खूण केली असेल तर ती मानायची की पुसून नव्याने करायची, हे प्रत्येक पोर्टसाठी ठरवावे लागते. सरकारी तारेवरील मुद्रेची जागा येथे ‘विश्वासाच्या सीमारेषे’ने घेतली आहे. तिसरा निर्णय रांगांचा : कोणत्या खुणेचा संदेश कोणत्या रांगेत उभा राहील. येथे एक बारकावा नवख्यांची दिशाभूल करतो. आठ मूल्यांमध्ये ० हे नेहमीच्या वाहतुकीचे मूल्य आहे आणि १ हे मूल्य त्याच्याही खालच्या, सवडीने पाठवावयाच्या कामाचे आहे.

चौथा निर्णय पाळीचा. कठोर अग्रक्रमात वरची रांग पूर्ण रिकामी झाल्याखेरीज खालच्या रांगेला संधी मिळत नाही. वरच्या रांगेत गर्दी वाढली तर खालच्या रांगेची अक्षरशः उपासमार होते. भारित पाळीत प्रत्येक रांगेला ठरावीक वाटा मिळतो. समजा तीन रांगांना ४ : २ : १ असा वाटा दिला, तर सर्वात खालची रांगही प्रत्येक फेरीत एकदा पुढे सरकते. व्यवहारात अत्यंत तातडीच्या, परंतु आकाराने लहान व संख्येने मर्यादित संदेशांना कठोर अग्रक्रम, त्या रांगेवर कमाल मर्यादा आणि उर्वरितांना भारित पाळी, अशी सांगड घालणे हितकर ठरते.

वीज उपकेंद्रांसाठीच्या आय.ई.सी. ६१८५० या मानकाने हे तत्त्व स्वीकारले. त्याची पहिली आवृत्ती २००२ पासून टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध झाली. त्यातील ‘गूस’ या लहान संदेशाद्वारे एक रिले दुसऱ्याला आदेश देतो. या संदेशावर अग्रक्रमाची खूण असते व तिचे पूर्वनिर्धारित मूल्य ४ आहे. अत्यंत महत्त्वाच्या आदेशासाठी प्रेषणाचा अवधी ३ मिलिसेकंदांच्या आत असावा अशी अपेक्षा आहे.

६. अग्रक्रमाच्या मर्यादा :

हा अवधी समजून घेण्यासाठी साधे गणित उपयोगी पडते. १,५०० बाइटची फ्रेम म्हणजे १२,००० बिट. सेकंदाला १०० मेगाबिटच्या वाटेवर ती ०.१२ मिलिसेकंदांत जाते, तर २ मेगाबिटच्या वाटेवर तिला ६ मिलिसेकंद लागतात. एकदा फ्रेम निघाली की सर्वोच्च खुणेच्या संदेशालाही ती संपेपर्यंत थांबावे लागते. म्हणजे मंद वाटेवर ३ मिलिसेकंदांची मर्यादा केवळ एका सामान्य फ्रेममुळे ओलांडली जाते आणि खुणेचा काहीच उपयोग होत नाही. चालू फ्रेम मध्येच थांबवून तातडीची फ्रेम पुढे नेण्याची सोय इथरनेटच्या मानकांत २०१६ मध्ये आली. वाहक लहरींच्या जुन्या यंत्रणेला बोलणे तोडण्याचा जो अधिकार होता, तो नव्या तंत्रज्ञानाला कित्येक वर्षांनी प्राप्त झाला.

दुसरी मर्यादा विवेकाची आहे. ३० जुलै २०१२ च्या पहाटे उत्तर भारताची ग्रिड कोसळली व दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य या तिन्ही ग्रिड बंद पडल्या. प्रारंभ ४०० किलोव्होल्टच्या बिना-ग्वाल्हेर वाहिनीपासून झाला. तेथे कोणताही दोष नव्हता. प्रचंड भारालाच रिलेने दोष मानले आणि वाहिनी उघडली. चंद्रपूरचा समावेश असलेली पश्चिम ग्रिड मात्र वाचली. यंत्रणा कितीही तत्पर असली तरी चुकीचा निष्कर्षही ती तितक्याच तत्परतेने अमलात आणते, हा या घटनेचा धडा होय.

तिसरी मर्यादा सामाजिक आहे. २००५ नंतरच्या वीजटंचाईच्या वर्षांत महावितरणने वितरण हानी व वीजबिल वसुली यांच्या आधारे गट पाडून भारनियमनाचे तास ठरविले होते. तोही अग्रक्रमाचा तक्ताच होता. ज्या गटाची हानी जास्त, त्याची प्रतीक्षा अधिक. अशा गटात वेळेवर बिल भरणारा ग्राहकही शेजाऱ्याच्या थकबाकीपायी अंधारात बसे. तक्ता व्यक्तीला ओळखत नाही, तो वर्गाला ओळखतो. स्विचमध्येही एखाद्या पोर्टला खालचा वर्ग दिला की त्यामागच्या महत्त्वाच्या संदेशालाही थांबावे लागते.

याहून मूलभूत प्रश्न रांगेबाहेर राहिलेल्यांचा आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यातील दुर्गम भागांत दूरसंचाराची वाट पोहोचण्यास फार काळ लागला. जेथे वाहिनीच नाही तेथे अग्रक्रमाची भाषा निरर्थक ठरते. सार्वजनिक इंटरनेटच्या बाबतीत दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरानुसार भिन्न दर आकारण्यास मनाई केली आणि जुलै २०१८ मध्ये शासनाने नेट तटस्थतेची तत्त्वे मान्य केली. विशेष सेवांना त्यातून वगळण्यात आले. लाइटनिंग कॉलचे तत्त्व सार्वजनिक वाटेवर नको, परंतु विलंबाने जीवित धोक्यात येईल अशा सेवांना वेगळी वागणूक असावी, असा याचा आशय आहे.

निष्कर्ष :

१. अग्रक्रमाचा निकष गेल्या दीड शतकात बदलत गेला. तारेच्या काळात पद व शुल्क, ट्रंक कॉलच्या काळात प्रामुख्याने शुल्क आणि वीजवाहिनीच्या संरक्षणात विलंबाने होणारी हानी, असे हे स्थित्यंतर आहे. यांपैकी तिसरा निकष सर्वाधिक समर्थनीय आहे.

२. पूर्वी अग्रक्रमाचे नियम करारात व दरपत्रकात छापलेले असत व नागरिक ते वाचू शकत. आज ते स्विचच्या मांडणीत, मोजक्या तंत्रज्ञांच्या नजरेपुरते असतात. महाविद्यालयातही परीक्षेच्या दिवशी ऑनलाइन येणारी प्रश्नपत्रिका, कार्यालयाचे काम आणि विद्यार्थ्यांचा वापर यांतील क्रम कोणीतरी ठरवलेला असतो, अथवा कोणीच ठरवलेला नसतो. असा तक्ता लिखित असावा, त्याची कारणे नोंदलेली असावीत आणि त्याचा ठरावीक काळाने फेरविचार व्हावा.

३. सर्वच संदेश तातडीचे ठरवले तर कोणताच तातडीचा राहत नाही. वरची रांग लहान ठेवणे आणि खालच्या रांगेला किमान वाटा देणे, ही दोन्ही पथ्ये पाळणे आवश्यक आहे.

४. ऊर्जानगरची वीज वर्षानुवर्षे दूरच्या शहरांकडे वाहत आली आहे. तिच्या वाहिन्यांवर एका क्षणासाठी अधिकाऱ्याचा आवाजही थांबवला जातो, कारण त्या क्षणाच्या विलंबाची किंमत सर्वांना मोजावी लागते. थांबणाऱ्याला आपण कशासाठी थांबलो हे सांगता यावे, एवढी किमान कसोटी अग्रक्रमाच्या प्रत्येक व्यवस्थेने उतरावयास हवी.